ड्यूक ऑफ वेलिंग्टनची गादी कुणाकडं जाते: इंग्लंडमधले काही दिवस

शनिवार, अपस्ली हाउस

आम्ही जालन्याकडची माणसं, त्यामुळं असईची लढाई शाळेत शिकायच्या आधी घरीच कानावर आलेली असते. २३ सप्टेंबर १८०३ ला केळणा आणि जुई नदीच्या मधल्या रानात शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेला आर्थर वेलस्ली पुढं ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, वॉटर्लूला त्यानं नेपोलियनला हरवलं, इंग्लंडचा पंतप्रधानपण झाला, इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पण तो गेल्यावर त्याचं टायटल कुणाकडं गेलं, कसं गेलं, आज कोण ड्यूक आहे, हे आपल्याकडं कुणीच सांगत नाही. ताई आणि दाजी रेडिंगला राहतात, ऑगस्टमध्ये त्यांच्याकडं जायचं ठरलं तेव्हाच मनाशी पक्कं केलं होतं की या वेळी बिग बेन वगैरे राहिलं तरी चालेल पण या घराण्याची घरं बघायची आणि ही गादी माणसामाणसातनं कशी सरकत आली ते समजून घ्यायचं.

रेडिंगहून ट्रेननं पॅडिंग्टन, तिथून ट्यूबनं हाइड पार्क कॉर्नर. स्टेशनातून वर आलं की समोरच अपस्ली हाउस. याला नंबर वन लंडन म्हणायचे कारण नाइट्सब्रिजकडून शहरात येताना टोलनाका ओलांडला की पहिलं घर हेच लागायचं. रॉबर्ट ॲडमनं १७७० च्या दशकात लॉर्ड अपस्लीसाठी बांधलेलं, मग १८०७ मध्ये आर्थरचा थोरला भाऊ रिचर्ड वेलस्ली यानं घेतलं, आणि १८१७ मध्ये आर्थरनं भावाकडून विकत घेतलं. हा रिचर्ड म्हणजे आपल्या इतिहासाच्या पुस्तकातला तैनाती फौजवाला गव्हर्नर जनरल, वसईच्या तहाच्या वेळचा. म्हणजे घर एका भावाकडून दुसऱ्याकडं, आणि दोघांचाही आपल्या मुलखाशी थेट संबंध.

आत जिन्याखाली नेपोलियनचा नागडा पुतळा आहे, कानोव्हानं केलेला, अकरा फुटांहून उंच. नेपोलियनला स्वतःला तो आवडला नव्हता, १८१६ मध्ये ब्रिटिश सरकारनं विकत घेतला आणि वेलिंग्टनला दिला. वरच्या मजल्यावर वॉटर्लू गॅलरी, तिथं दर १८ जूनला ड्यूक जुन्या अधिकाऱ्यांना जेवण द्यायचा. भिंतीवर व्हेलास्केझचं पाणीवाल्याचं चित्र आहे, त्यासमोर मी बराच वेळ थांबलो. १८१३ मध्ये व्हिटोरियाच्या लढाईनंतर नेपोलियनचा भाऊ जोसेफ पळाला तेव्हा त्याच्या सामानात स्पेनच्या राजवाड्यातली चित्रं सापडली, वेलिंग्टननं परत देऊ केली आणि स्पेनच्या राजानं सांगितलं की तुमच्याकडंच ठेवा.

पण माझं खरं काम खालच्या मजल्यावर होतं, भांड्याकुंड्यांच्या दालनात. तिथं डेक्कन सर्व्हिस नावाचा सोन्याचं पाणी दिलेल्या चांदीच्या भांड्यांचा संच आहे. दख्खनच्या मोहिमेत आर्थरच्या हाताखाली असलेल्या अधिकाऱ्यांनी त्याला भेट दिलेला. अहमदनगरचा किल्ला, असई, अकोल्याकडचं अडगाव, चिखलदऱ्याचा गाविलगड, हे सगळं ऑगस्ट ते डिसेंबर १८०३ या पाच महिन्यांत झालं आणि त्याची आठवण म्हणून ही ताटं-वाट्या. लोक पुढच्या कपाटांकडं जात होते, मी इथंच उभा. वॉटर्लूवर आख्खी गॅलरी आहे, आपल्याकडच्या पाच महिन्यांवर एक कपाट. असईत त्याची दीड हजारांच्या वर माणसं मेली-जखमी झाली, म्हातारपणीसुद्धा तो स्वतःची सगळ्यात चांगली लढाई म्हणून असईचंच नाव घ्यायचा, मग इथं त्याबद्दल एवढं कमी का, हे मला खरंच खुपलं.

आता टायटलचं सांगतो, कारण ते नीट कळलं नाही तर पुढचे दिवस कळणार नाहीत. आर्थरला हे एकदम मिळालेलं नाही. १८०९ मध्ये तालाव्हेराच्या लढाईनंतर व्हायकाउंट वेलिंग्टन, १८१२ च्या फेब्रुवारीत अर्ल, त्याच वर्षी ऑक्टोबरात मार्क्वेस, आणि ११ मे १८१४ ला ड्यूक. पाच वर्षांत खालपासून वरपर्यंत सगळ्या पायऱ्या. प्रत्येक वेळी राजाच्या नावानं एक पेटंट, म्हणजे सनद, निघतं, आणि ते टायटल पुढं कुणाकडं जाणार हे त्या पेटंटमध्येच लिहिलेलं असतं. आपल्याकडं सातबाऱ्यावर कुणाचं नाव लागणार यावर जसं सगळं अडतं तसंच इथं त्या एका वाक्यावर. वेलिंग्टनच्या बाबतीत ते वाक्य असं की त्याच्या पोटच्या मुलांच्या वंशातले पुरुष. मुलगी नाही, मुलीचा मुलगा नाही, दत्तक नाही.

आणि गंमत बघा, वेलस्ली हे आडनावच मुळात त्यांच्याकडं मूलबाळ नसलेल्या नातेवाइकाकडून आलेलं आहे. त्यांचं मूळ आडनाव कॉली. १७२८ मध्ये आयर्लंडमधल्या मीथ परगण्यातला गॅरेट वेस्ली नावाचा नातलग वारस न ठेवता गेला, त्यानं आपली इस्टेट रिचर्ड कॉलीला दिली, कॉलीनं आडनाव बदलून वेस्ली केलं. हा आर्थरचा आजोबा. आर्थर जन्मला तेव्हा वेस्लीच होता, १७९८ च्या सुमाराला घराण्यानं वेलस्ली असं लिहायला सुरुवात केली. म्हणजे इस्टेट आणि नाव, दोन्ही दिलेल्या वारसाकडं गेलं आणि कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही. हे मी दालनातून बाहेर पडेपर्यंत डोक्यात घोळवत होतो.

घर आता पूर्ण त्यांचं नाही. सातव्या ड्यूकनं १९४७ मध्ये कायदा होऊन घर आणि वस्तू देशाला दिल्या, १९५२ पासून म्युझियम आहे, पण काही खोल्या अजून घराण्याकडंच आहेत.

रविवार, स्ट्रॅटफील्ड सेय

हे हॅम्पशरमध्ये, रेडिंगपासून गाडीनं अर्धा तासही नाही. ताई, दाजी, भाची सगळे निघालो. वर्षातले थोडेच दिवस उघडं असतं, ईस्टरला आणि ऑगस्टमध्ये, आणि गाइडबरोबरच आत जायचं. संसदेनं वेलिंग्टनला दिलेल्या पैशातून १८१७ मध्ये ही इस्टेट घेतली. आधीचं घर पाडून तिथं वॉटर्लू पॅलेस म्हणून मोठा राजवाडा बांधायचा बेत होता, नकाशेसुद्धा झाले होते, पण खर्च बघून त्यानं तो सोडून दिला आणि सतराव्या शतकातलं जुनं घरच राहण्याजोगं करून घेतलं, गरम पाण्याच्या पाइपांनी घर उबदार ठेवायची सोय केली, खोल्याखोल्यांच्या भिंतींवर छापील चित्रं चिकटवून घेतली. मला हा माणूस इथं पहिल्यांदा जवळचा वाटला. भपका मिळत असताना नको म्हणणं सोपं नसतं.

बागेत त्याच्या घोड्याची समाधी आहे. कोपनहेगन नावाचा घोडा, वॉटर्लूला दिवसभर त्याच्यावरच बसून होता. १८३६ मध्ये घोडा गेला तेव्हा लष्करी मानानं पुरला. वर जो दगड आहे तो दुसऱ्या ड्यूकनं बसवलेला. शेजारी भलं मोठं ओकचं झाड आहे, समाधीजवळ घरातल्या कारभारणीनं एक बी लावलं होतं त्याचं झालेलं.

या दुसऱ्या ड्यूकबद्दल मला फार वाटलं. आर्थर रिचर्ड, जन्म १८०७. एवढ्या मोठ्या बापाचा मुलगा. तो म्हणायचा म्हणे की ड्यूक ऑफ वेलिंग्टन आले असं पुकारतील आणि दारातून आत येणार फक्त मी, कसं वाटेल लोकांना. १८५२ मध्ये बाप गेला आणि तसंच झालं. त्यानं बापाची पत्रं छापून काढायचं मोठं काम केलं, आज इतिहासकार जे वाचतात त्यातलं बरंच त्याच्या कष्टाचं आहे. पण त्याला मूल नव्हतं.

इथं भाचीनं मला विचारलं, "मामा, मग संपलं ना टायटल?" नाही, आणि हेच समजून घ्यायचं. पेटंटमधली मोजणी पहिल्या ड्यूकपासून होते. दुसऱ्या ड्यूकला मूल नसलं तरी त्याचा धाकटा भाऊ लॉर्ड चार्ल्स होता, तो १८५८ मध्येच गेला होता पण त्याला मुलगे होते. म्हणून १८८४ मध्ये गादी पुतण्याकडं गेली, हेन्री हा तिसरा ड्यूक. त्यालाही मूल नाही, १९०० मध्ये तो गेल्यावर त्याचा सख्खा भाऊ आर्थर चार्ल्स चौथा ड्यूक. चौथ्याला मुलगे भरपूर, मग १९३४ मध्ये थोरला मुलगा पाचवा. हा पाचवा १९३९ च्या सुमाराला राइट क्लब नावाच्या ज्यूविरोधी गटात होता, नेपोलियनला अडवणाऱ्याचा पणतू हिटलरच्या बाजूच्या लोकांत बसायचा हे वाचून वाईट वाटतं. तो १९४१ मध्ये गेला.

आणि मग सहावा. हेन्री व्हॅलेरियन, जन्म १९१२. बापाच्या अगदी उलट, कमांडो म्हणून जर्मनांशी लढायला गेला आणि सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीत सालेर्नोला मारला गेला. वय एकतीस, लग्न झालेलं नाही. त्याला एक सख्खी बहीण होती, लेडी ॲन. घरात तीच उरली होती. पण ड्यूकपद तिच्याकडं गेलं नाही, ते मागं सरकून काकाकडं गेलं, जेराल्ड वेलस्ली, चौथ्या ड्यूकचा तिसरा मुलगा, आधी परराष्ट्र खात्यात होता, मग आर्किटेक्ट झाला. अपस्ली हाउस देशाला देणारा तो हाच.

पण गोष्ट इथं संपत नाही. वेलिंग्टन घराण्याकडं परदेशातलीही टायटलं आहेत. नेदरलँड्सचं प्रिन्स ऑफ वॉटर्लू, पोर्तुगालचं ड्यूक ऑफ व्हिटोरिया, आणि स्पेनचं ड्यूक ऑफ सिउदाद रोद्रिगो, हे १८१२ मध्ये मिळालेलं, त्याबरोबर ग्रानाडाकडं जमीनही. स्पेनच्या तेव्हाच्या नियमात मुलगा नसेल तर मुलीला मिळायचं. म्हणून १९४३ मध्ये एकाच माणसाच्या मरणानं दोन देशांच्या दोन गाद्या दोन वेगळ्या माणसांकडं गेल्या, इंग्लंडची काकाकडं आणि स्पेनची बहिणीकडं. लेडी ॲननं १९४९ मध्ये ते स्पेनचं टायटल काकाला देऊन टाकलं आणि सगळं परत एका हातात आलं. ताई हे ऐकून एवढंच म्हणाली, "तिलाच सोडावं लागलं शेवटी." मी त्यावर काही बोललो नाही पण मला ते पटलं. स्पेनच्या कायद्यानं जे तिचं होतं ते तिच्याकडंच राहायला काय हरकत होती, एका घराण्यात दोन ड्यूक-डचेस झाले असते तर काही बिघडलं नसतं.

सातव्यानंतर मुलगा व्हॅलेरियन आठवा, तो ३१ डिसेंबर २०१४ ला नव्व्याण्णवाव्या वर्षी गेला. आताचा नववा ड्यूक चार्ल्स, जन्म १९४५. म्हणजे बघा, पहिल्यापासून नवव्यापर्यंत आठ वेळा गादी पुढं गेली, त्यातली तीन वेळा बापाकडून मुलाकडं न जाता पुतण्या, भाऊ, काका अशी. लॉर्ड चार्ल्सला मुलगे नसते तर १८८४ मध्येच ड्यूक ऑफ वेलिंग्टन हे टायटल बंद झालं असतं. आपण ज्याला अखंड घराणं म्हणतो ते एवढ्या एका धाग्यावर होतं.

वॉटर्लूला पकडलेल्या तोफांच्या धातूपासून केलेला पहिल्या ड्यूकचा अंत्ययात्रेचा रथही इथंच ठेवलाय, बारा घोडे लागले होते ओढायला. दाजींना सगळ्यात जास्त तो आवडला.

सोमवार, विंडसर

आज फक्त एक झेंडा बघायचा म्हणून गेलो होतो, बाकी किल्ल्यात गर्दी प्रचंड आणि ऊन. स्ट्रॅटफील्ड सेयच्या बदल्यात ड्यूकनं राजाला दरवर्षी खंड द्यायचा असतो, तो पैशांत नाही, फ्रान्सचा एक छोटा तिरंगी झेंडा, १८ जूनला दुपारच्या आत पोचवायचा. तो विंडसरच्या गार्ड चेंबरमध्ये वेलिंग्टनच्या अर्धपुतळ्याच्या वर लावतात. ऑगस्ट असल्यामुळं यंदाचा नवाकोरा होता.

त्याच दालनात ड्यूक ऑफ मार्लबरोचाही अर्धपुतळा आणि त्याचा झेंडा आहे, ब्लेनहाइम पॅलेसचा खंड म्हणून, तो १३ ऑगस्टला द्यायचा. मला हे दोन झेंडे एका खोलीत बघायचे होते ते वेगळ्याच कारणासाठी. मार्लबरोचा मुलगा १७०३ मध्ये लहान वयातच देवीच्या रोगानं गेला, मागं फक्त मुली. तो त्या वेळी देशाचा सगळ्यात मोठा सेनापती होता, मग १७०६ मध्ये संसदेनं खास कायदा केला की टायटल मुलींकडंही जाऊ शकेल. १७२२ मध्ये तो गेल्यावर थोरली मुलगी हेन्रिएटा खरोखर डचेस ऑफ मार्लबरो झाली, स्वतःच्या हक्कानं, कुणाची बायको म्हणून नाही. पुढं १७३३ मध्ये तिच्या बहिणीच्या मुलाकडं, चार्ल्स स्पेन्सरकडं ते गेलं, आजचे मार्लबरो त्याच वंशातले.

म्हणजे नियम काही आकाशातून पडलेला नाही. सरकारला वाटलं तेव्हा मुलीला चाललं. २०१३ च्या कायद्यानं राजगादीसाठी मुलगा-मुलगी भेद काढून टाकला, पण ड्यूक, अर्ल, बॅरन यांची टायटलं तशीच जुन्या वाक्यावर चालू आहेत. भाचीला मी हे सांगितलं तर ती जाम चिडली, आणि तिचं चिडणं बरोबरच आहे.

मंगळवार, वॉल्मर कॅसल

या दिवसासाठी मी आलो होतो असं आता वाटतं. सेंट पँक्रसहून फास्ट ट्रेननं डीलला गेलो, तिथून समुद्राकाठच्या रस्त्यानं चालत. एकटाच होतो, बाकीच्यांना कामं होती. वारं जोरात, दगडगोट्यांचा किनारा, वाळू नावाला नाही, हवा स्वच्छ असेल तर पलीकडं फ्रान्स दिसतो म्हणतात. आठव्या हेन्रीनं १५३९-४० च्या सुमाराला फ्रेंचांच्या भीतीनं बांधलेला हा बुटका, गोलसर बुरुजांचा किल्ला. सिंक पोर्ट्स म्हणजे या किनाऱ्यावरच्या जुन्या बंदरांचा गट, त्याचा लॉर्ड वॉर्डन या मानाच्या पदावरच्या माणसाचं हे अधिकृत घर. वेलिंग्टन १८२९ पासून मरेपर्यंत वॉर्डन होता.

त्याची खोली तशीच ठेवली आहे. अरुंद लष्करी पलंग, एक आरामखुर्ची. १४ सप्टेंबर १८५२ ला तो इथंच, खुर्चीत बसलेला असताना गेला. त्याचे बूटही आहेत, ज्यांच्यावरून पावसाळी बुटांना वेलिंग्टन बूट म्हणतात ते. त्र्याऐंशी वर्षांचा, दोनदा पंतप्रधान झालेला माणूस एवढ्या साध्या पलंगावर झोपायचा हे पाहून आदर वाटला, तो आपल्या मुलखात शत्रू म्हणून आला होता हे विसरून नाही, ते धरूनच.

वॉर्डनचं पद वारशानं मिळत नाही, सरकार नेमतं. मग वेलिंग्टननंतर कोण? मी बाहेरच्या बागेत बसून फोनवर वॉर्डनांची यादी बघत होतो आणि पुढचं नाव वाचून उठूनच उभा राहिलो. मार्क्वेस ऑफ डलहौसी. हो, तोच. खालसा धोरणाचा डलहौसी. तो तेव्हा हिंदुस्थानात गव्हर्नर जनरल होता आणि तिथं असतानाच त्याला हे पद मिळालं, १८६० पर्यंत त्याच्याकडं होतं.

ज्या वर्षांत हा किल्ला त्याच्या नावावर झाला त्याच वर्षांत त्यानं काय केलं ते आपल्याला माहीतच आहे. १८४८ मध्ये सातारा आधीच घेतलं होतं, शहाजीराजे उर्फ आप्पासाहेबांनी मरताना दत्तक घेतला होता तो मानला नाही. नागपूरचे तिसरे रघूजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये गेले, राज्य १८५४ मध्ये खालसा. झाशीचे गंगाधरराव नोव्हेंबर १८५३ मध्ये गेले, आदल्याच दिवशी दत्तकविधान झालेलं, इंग्रज अधिकारी हजर असताना, तरी राज्य खालसा. आपल्या शास्त्रात दत्तक मुलगा म्हणजे पोटचाच, पिंड देण्यापासून गादीवर बसण्यापर्यंत. डलहौसीनं म्हटलं की मालमत्ता घे, राज्य नाही.

आता त्याचं स्वतःचं बघा. पंजाब जिंकला म्हणून १८४९ मध्ये त्याला मार्क्वेस केलं. त्याला दोन मुली, मुलगा नाही. १९ डिसेंबर १८६० ला तो गेला आणि मार्क्वेस ऑफ डलहौसी हे टायटल त्याच्याबरोबर संपलं. जुनं अर्लपद तेवढं सख्ख्या चुलतभावाकडं, लॉर्ड पॅनम्युअरकडं गेलं. ज्या माणसानं साताऱ्याला, नागपूरला, झाशीला वारस नाही असं सांगितलं त्याचं स्वतःचं टायटल वारस नाही म्हणून बंद पडलं. मला याचा आनंद वगैरे झाला नाही, त्याच्या मुलींनी बापाची सेवा केली होती, त्यांचा काय दोष. पण एवढं लख्ख दिसलं की जो नियम त्याच्या देशात सरदारांच्या टायटलांना लावायचे, ज्यात दत्तकाला जागाच नव्हती, तशाच नजरेनं त्यानं आपल्या राज्यांकडं पाहिलं. एका इंग्रज अर्लचं टायटल बंद पडलं तर एक नाव कमी होतं, लोकांचं काही जात नाही. साताऱ्याची गादी गेली तर राज्य गेलं, दरबार गेला, त्यावर पोट असलेली हजारो माणसं उघड्यावर आली. या दोन गोष्टी एका मापानं मोजणं हा अन्याय होता आणि तो तेव्हाही कळत होता, कंपनीच्याच काही अधिकाऱ्यांनी साताऱ्याच्या बाजूनं मत दिलं होतं.

आणि रिचर्ड वेलस्लीचं काय झालं, तेही तिथंच बसून जुळवलं. तो अर्ल ऑफ मॉर्निंग्टन होता, वर मार्क्वेस वेलस्ली झाला. हायसिंथ रोलांड नावाच्या फ्रेंच बाईबरोबर राहायचा, तिच्यापासून पाच मुलं झाली, मग १७९४ मध्ये तिच्याशी लग्न केलं. पण मुलं लग्नाआधीची, कायद्यानं औरस नाहीत. तो १८४२ मध्ये गेला, पाच मुलांचा बाप, आणि मार्क्वेसपद वारस नाही म्हणून बंद! अर्लपद मधल्या भावाकडं, विल्यमकडं गेलं. विल्यमचा मुलगा म्हणजे चौथा अर्ल, त्यानं वॉन्स्टेडची मोठी वारसदार कॅथरीन टिल्नी-लाँग हिच्याशी लग्न केलं आणि तिची इस्टेट कर्जात अशी बुडवली की १८२२ मध्ये वॉन्स्टेड हाउसमधल्या सामानाचा लिलाव महिनाभर चालला आणि नंतर घरच पाडून दगडविटा विकल्या. त्याचा मुलगा पाचवा अर्ल, अविवाहित, १८६३ मध्ये गेला. तेव्हा आयर्लंडमधलं ते घराण्याचं मूळ टायटल फिरून दुसऱ्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनकडं आलं. थोरल्याचं धाकट्याच्या घरात. म्हणून आज ड्यूकच्या थोरल्या मुलाला मार्क्वेस ऑफ डूरो म्हणतात आणि त्या मुलाच्या थोरल्या मुलाला अर्ल ऑफ मॉर्निंग्टन, ही मानानं वापरायची नावं, खरी मालकी ड्यूककडंच.

पुढं कधी वेलिंग्टनचा पुरुषवंश थांबलाच तर ड्यूकपद बंद होईल, पण मॉर्निंग्टनचं पेटंट १७६० चं, आर्थरच्या वडिलांच्या नावचं, त्यामुळं ते सगळ्यात धाकट्या भावाच्या वंशात, अर्ल काउलींकडं जाईल. दोन पेटंट, दोन वाटा.

संध्याकाळच्या ट्रेननं परत. ताईला फोनवर डलहौसीचं सांगितलं तर ती म्हणाली, "दाजींना नको सांगू आत्ता, रात्रभर बोलत बसाल." तसंच झालं, दीड वाजले.

बुधवार, सेंट पॉल्स आणि संसदेबाहेर

सेंट पॉल्सच्या तळघरात वेलिंग्टनची कबर, कॉर्निश दगडाची, जड आणि साधी. १८ नोव्हेंबर १८५२ ला इथं त्याला ठेवलं तेव्हा त्याची सगळी टायटलं, इंग्लंडची, स्पेनची, पोर्तुगालची, मोठ्यानं वाचून दाखवली होती. तिथून थोड्याच अंतरावर, घुमटाच्या बरोबर खाली आरमाराचा सेनापती नेल्सन. नेल्सनचंही टायटलच्या बाबतीत वेगळंच झालं. त्याची एकुलती मुलगी होरेशिया लग्नाबाहेरची, तिला काही नाही. १८०५ मध्ये ट्रफाल्गरला तो मेला आणि त्याचा पाद्री भाऊ विल्यम अर्ल नेल्सन झाला, वर वर्षाला ५००० पौंड पेन्शन. पेटंट मात्र मोकळ्या मनानं लिहिलेलं, त्यात बहिणींच्या मुलांना जागा होती, त्यामुळं १८३५ मध्ये ते भाच्याकडं गेलं. पेन्शन थांबवायचा कायदा १९४७ मध्ये झाला. होरेशियाच्या वाट्याला मात्र बापानं मरणाआधी देशाकडं केलेली विनवणी तेवढी आली, ती कुणी ऐकली नाही.

दुपारी वेस्टमिन्स्टरला गेलो, आत नाही, बाहेरूनच. १९९९ पर्यंत हे सगळे वंशपरंपरेचे लॉर्ड आपोआप हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये बसायचे. त्या वर्षीच्या कायद्यानं बहुतेकांना काढलं, ९२ जागा ठेवल्या, त्यातल्या ९० त्यांच्यातल्या त्यांच्यात निवडणुकीनं. नववा ड्यूक २०१५ मध्ये अशाच पोटनिवडणुकीत निवडून आला. उरलेल्या जागाही काढून टाकायचं विधेयक २०२४ मध्ये संसदेत आलं. जागा गेली तरी टायटल जात नाही, पेटंट रद्द होत नाही. आणि दत्तकाबद्दल विचाराल तर २००४ पासून दत्तक मुलांना लॉर्डांच्या मुलांसारखं नावापुढं मानाचं बिरुद लावायची परवानगी मिळाली आहे, वारसा मात्र अजूनही नाही. सातारा खालसा होऊन पावणेदोनशे वर्षं होऊन गेली आणि त्यांच्या स्वतःच्या घरातलं दत्तकाचं गाडं एवढंच पुढं सरकलंय.

कुणी जाणार असेल तर स्ट्रॅटफील्ड सेयच्या तारखा आधी बघा, त्याभोवती बाकीचं बसवा. अपस्ली हाउसला खालचं भांड्यांचं दालन आधी करा, वर गेलं की तास निघून जातात. वॉल्मरला डीलहून चालतच जा, आणि जाताना या घराण्याची वंशावळ कागदावर काढून न्या, प्रत्येक खोलीत ती लागते.